दोन रुळांची माल्ट भरडणी: जळगावात वापरून पाहिल्यावर

जवाच्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांतून) साखर कमी उतरते अशी ज्याची तक्रार आहे, त्याने मॅशच्या (भरड गरम पाण्यात भिजत ठेवण्याच्या) तापमानाला दोष देण्याआधी भरड तपासावी, आणि त्यासाठी हाताने फिरवायची ही दोन रुळांची भरडणी घेण्याजोगी आहे. (परवान्याशिवाय घरी बिअर करणे आपल्या राज्यात कायद्यात बसत नाही, मी मद्यरहित माल्ट पेय करतो, मात्र साखर उतरवण्याचे गणित तेच.) गिरणीवर माल्ट दिला की त्याचे पीठ होते, त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे कळणे मिसळते आणि टरफलाचा भुगा झाल्यामुळे रस गाळला जात नाही. या यंत्रात दाणा चिरडला जातो, पण टरफल बऱ्यापैकी शाबूत राहते.

रुळांमधली फट मात्र फारच मोठी ठेवून आली होती. पहिल्या भरडीची मूठ उघडली तर अख्खे दाणे तसेच बोटांना लागत होते. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजून ती फट सुमारे १ मिलिमीटरवर आणल्यावर, ६६ अंश सेल्सिअस तापमान आणि पाण्याचे प्रमाण तेच असतानाही, रस स्पष्टपणे दाट उतरला. फट पक्की करणारे स्क्रू भरडणी फिरवता फिरवता सैल होतात, ही खरी उणीव.

रसाचा दाटपणा मोजणारे बरेच हायड्रोमीटर २० अंशांवर जुळवलेले असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात ४० अंशांच्या रसात आकडा सुमारे ०.००६ ने कमी दिसतो, आणि ते खापर भरडणीवर फोडण्याचे कारण नाही.