एचडीएमआय २.१ चा रिसीव्हर: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

चौदा महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या सवलतीत, मी सात चॅनेलचा एक मध्यम किमतीचा एव्ही रिसीव्हर घेतला, म्हणजे घरातल्या उपकरणांचा आवाज स्पीकरांना देणारा आणि त्यांचे चित्र टीव्हीकडे पाठवणारा डबा. आवाजाच्या बाबतीत तो पहिल्या दिवसापासून पसंत आहे आणि त्याविषयी येथे फारसे लिहिण्याची गरज नाही. हा अनुभव आहे तो त्याच्या पाठीवरच्या सहा एचडीएमआय पोर्टांचा (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या जोडणीच्या खाचांचा): नवा टीव्ही, नवा कन्सोल आणि जुना सेट टॉप बॉक्स यांच्याशी त्याने कुठे जुळवून घेतले, कुठे घेतले नाही आणि त्यात माझी स्वतःची चूक किती होती, याचा. कंपनीचे व मॉडेलचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण माझ्या मते पुढची बरीचशी गाऱ्हाणी एका कंपनीची नसून या जोडणीचीच आहेत.

आधीचा रिसीव्हर २०१४ सालचा. त्याच्या खोक्यावर ‘एचडीएमआय २.०’ असे ठळक छापलेले होते आणि ते खोटेही नव्हते. मात्र ४के चित्रपटांसाठी लागणारे एचडीसीपी २.२ हे नक्कल-संरक्षण त्यात नव्हते, त्यामुळे ४के ब्लू-रे किंवा स्ट्रीमिंगच्या डब्याचे चित्र त्यातून पूर्ण दर्जाने पुढे जाईना. ॲम्प्लिफायर ठणठणीत, आवाज आजही कानाला गोड, आणि केवळ एका चिपपायी तो अडगळीत जायची वेळ आली. त्या सुमारास असे अर्धेमुर्धे रिसीव्हर पुष्कळ विकले गेले. दुधाने तोंड पोळलेले असल्याने या खेपेला मी ताक फुंकून प्यायचे ठरवले होते, तरीही थोडे भाजलेच.

दुकानातला मुलगा म्हणाला, “सर, टू पॉइंट वन आहे, एट-के आहे, दहा वर्षं बघायला नको.” एचडीएमआय २.१ चे मानक नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची कमाल क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आहे, हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की त्या मानकातल्या बहुतेक गोष्टी ऐच्छिक आहेत. व्हीआरआर (खेळाच्या गतीप्रमाणे पडद्याचा वेग बदलणे) असो, ४के १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रे) असो की वाढीव वेग असो, यांपैकी एकच सुविधा देणारे उपकरणही स्वतःला २.१ म्हणवू शकते, आणि जुने २.० हे वेगळे मानक म्हणून आता उरलेलेच नसून २.१ च्या पोटात गेलेले आहे. थोडक्यात, खोक्यावरचा आवृत्तीचा आकडा वाचून हाती काही लागत नाही. विचारायचे ते एवढेच, की कोणते पोर्ट किती गिगाबिटांचे. माझ्या रिसीव्हरच्या सहा इनपुटांपैकी तीन ४० गिगाबिटांचे आणि उरलेले तीन १८ चे आहेत, आणि ही माहिती मला तो घरी आणून, थर्माकोल बाल्कनीत टाकून झाल्यावर, माहितीपुस्तिकेच्या तळटीपेत सापडली.

हे आकडे कोरडे वाटतील, पण सगळा खेळ त्यांचाच आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा, ८ बिट रंगांत आणि रंगात काटछाट न करता पाठवायला सुमारे १८ गिगाबिट लागतात, म्हणजे जुन्या पोर्टाची मर्यादा तिथेच संपते. तेच चित्र १२० वेळा आणि एचडीआरसाठी (उजेड-अंधाराचा फरक अधिक दाखवणाऱ्या चित्रासाठी) १० बिट रंगांत पाठवायचे म्हटले की गरज ४० च्या घरात जाते. त्यामुळे ४८ ऐवजी ४० चे पोर्ट मिळाले म्हणून हळहळण्याचे कारण नाही, कारण मला जे पाहायचे आहे ते ४० मध्ये बसते. ‘८के’ या शिक्क्याचा माझ्या लेखी एवढाच उपयोग, की तो ज्या पोर्टाजवळ छापला आहे ते नव्या पिढीचे आहे हे अंधारातही मोबाइलच्या उजेडात कळते. ८के मध्ये पाहण्यासारखे माझ्या घरी काहीही येत नाही.

आता पुष्कळ जाणकार सांगतात, की टीव्हीला ई-आर्क (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे उलट पाठवण्याची सोय) असेल तर चित्र रिसीव्हरमधून नेण्याची भानगडच कशाला, सगळी उपकरणे थेट टीव्हीला जोडा आणि आवाज तेवढा रिसीव्हरकडे परत आणा. सल्ला वाजवी आहे. अडचण अशी, की माझ्या टीव्हीच्या चार पोर्टांपैकी वेगवान पोर्ट दोनच, आणि त्यांतलेच एक ई-आर्कचे. बाजारातल्या पुष्कळ टीव्हींची हीच रचना आहे. म्हणजे रिसीव्हर जोडला की एकच वेगवान पोर्ट शिल्लक राहते, आणि माझ्याकडे प्लेस्टेशन ५ व मुलाचा गेमिंगचा संगणक असे दोन दावेदार. दोघांपैकी एकाला रिसीव्हरमधूनच जावे लागणार, हे घरातल्या वाटाघाटीनंतर ठरले आणि तो मान प्लेस्टेशनकडे गेला.

पहिल्या संध्याकाळी प्लेस्टेशन वेगवान पोर्टाला जोडून सेटिंग उघडले, तर १२० हर्ट्झचा पत्ता नाही. दोन तास केबल उलटसुलट करून झाल्यावर कारण कळले, ते असे, की रिसीव्हर कारखान्यातून येतानाच जुन्या वेगावर लावलेला असतो. त्याच्या मेनूत ‘सिग्नल फॉरमॅट’ नावाचा पर्याय आहे, तो ‘स्टँडर्ड’ वरून काढून ८के च्या पर्यायावर न्यावा लागतो. टीव्हीच्या बाजूलाही असाच एक पर्याय प्रत्येक पोर्टासाठी वेगळा असतो आणि कंपनीगणिक त्याचे नाव निराळे. दोन्हीकडे बदल केल्यावर प्लेस्टेशनच्या माहिती-पानावर ३८४० × २१६०, १२० हर्ट्झ आणि खाली ‘वाययूव्ही ४२२’, म्हणजे रंगाची माहिती कमी केलेले चित्र, असे उमटले. हे ४२२ पाहून रिसीव्हर कमी पडला असे मला वाटले होते, पण दोष त्याचा नव्हे. प्लेस्टेशन ५ चे आउटपुट ३२ गिगाबिटांपर्यंतच जाते, त्यामुळे १२० हर्ट्झला एचडीआर दाखवताना ते रंगाची माहिती आपणहून कमी करते. सोफ्यावरून तो फरक मला आजवर दिसलेला नाही.

खरी कसोटी लागली ती केबलची. आमच्या दिवाणखान्यात टीव्ही एका भिंतीवर आणि रिसीव्हर दुसऱ्या भिंतीलगतच्या कपाटात आहे, आणि मधली केबल भिंतीतल्या पाऊण इंची पाइपातून साडेसात मीटर जाते. जुनी केबल १८ गिगाबिटांची होती. तिच्यावर ४के ६० व्यवस्थित चाले, १२० वर मात्र आधी पांढऱ्या ठिणग्या उडाल्यासारखे ठिपके आणि मग काळा पडदा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ‘८के’ लिहिलेली जाडजूड केबल आणली, तिने ठिपके कमी केले, पण दर दहा मिनिटांनी चित्र क्षणभर जाई. नंतर कळले, की ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे प्रमाणपत्र ज्या केबलला मिळते तिच्या वेष्टनावर मोबाइलने तपासता येणारे लेबल असते, आणि साध्या तांब्याच्या केबलला पाच मीटरच्या पुढे ते मिळणे फार अवघड. अखेर ऑप्टिकल फायबरची केबल घेतली. ती बारीक आणि लवचीक असली तरी एकाच दिशेने चालते, एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ छापलेले असते. आमच्या इलेक्ट्रिशियनने नायलॉनची दोरी ओवून ती मोठ्या शिताफीने पाइपातून ओढली, आणि टीव्हीमागे बाहेर आलेल्या टोकावर ‘सोर्स’ वाचून मी कपाळावर हात मारला. “आता परत ओढायची का साहेब?” एवढेच तो म्हणाला. पाऊण इंची पाइपाच्या वळणातून एचडीएमआयचे डोके एकदा निघते हेच नवल, आमचे दोनदा निघाले. त्या दिवसापासून आजतागायत चित्र एकदाही गेलेले नाही.

ई-आर्कविषयी तक्रारीला फारशी जागा नाही. २००९ च्या १.४ आवृत्तीतील साधे आर्क दोनहून अधिक चॅनेलचा आवाज फक्त आकुंचित (दाबून लहान केलेल्या) रूपात नेऊ शके, ई-आर्कमधून आठ चॅनेलचा अनाकुंचित आवाज येतो. तरी एक खुलासा करावासा वाटतो: स्ट्रीमिंगवरचा डॉल्बी ॲटमॉस (भोवतून आणि वरूनही ऐकू येणारा आवाज) हा मुळात आकुंचित डॉल्बी डिजिटल प्लसमधूनच येतो, त्यामुळे दोन्ही उपकरणांची तयारी असेल तर तो साध्या आर्कवरूनही येऊ शकतो. केवळ त्यासाठी नवा रिसीव्हर घेण्याचे कारण नाही. ई-आर्कची खरी गरज डिस्कवरच्या डॉल्बी ट्रूएचडीसारख्या आवाजांना आहे. आणि नेमका तिथे माझा टीव्ही आडवा आला, कारण त्याच्या कंपनीने या मॉडेलमध्ये डीटीएस या डॉल्बीसारख्याच दुसऱ्या आवाज-पद्धतीला स्थानच दिलेले नाही. डीटीएस आवाजाची डिस्क टीव्हीमार्गे लावली की रिसीव्हरपर्यंत काहीच पोहोचत नाही. म्हणून ब्लू-रे प्लेअर रिसीव्हरच्या १८ गिगाबिटांच्या पोर्टाला जोडला. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असल्याने त्याला तेवढा वेग भरपूर होतो. सगळ्याच पोर्टांना ४० चा सोस नको, हे मला तेव्हा पटले.

बाबांच्या सेट टॉप बॉक्सने मात्र अनपेक्षित त्रास दिला. मी उत्साहाच्या भरात सर्व इनपुट नव्या सिग्नल फॉरमॅटवर नेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्यांच्या वेळी आवाज नाही, चित्र नाही. उपकरणे जोडली गेली की टीव्ही व रिसीव्हर मिळून आपण काय काय दाखवू शकतो याची एक यादी उगमाकडे पाठवतात. नव्या फॉरमॅटमधली ही यादी काही जुन्या डब्यांना वाचताच येत नाही आणि ते गप्प बसतात. त्या एका इनपुटाला पुन्हा ‘स्टँडर्ड’ केल्यावर डबा बोलू लागला. रिसीव्हर घेताना हा बदल प्रत्येक इनपुटासाठी वेगळा करता येतो की नाही, हे जरूर पाहावे. शिवाय बाबांना बातम्यांसाठी रिसीव्हर सुरू करायचा नसतो, त्यासाठी ‘पास-थ्रू’, म्हणजे रिसीव्हर बंद असतानाही चित्र व आवाज टीव्हीकडे जाऊ देण्याची सोय, सुरू ठेवावे लागते. त्यात रिसीव्हर बंद असतानाही थोडी वीज खातो आणि कपाटात कोमट राहतो, म्हणून वर चार बोटे मोकळी जागा सोडली आहे आणि एप्रिल-मे मध्ये कपाटाचे दार उघडेच असते.

वीज जाऊन आली की सगळी उपकरणे एकदम जागी होतात आणि एकमेकांची ओळख पटवण्यात घोटाळा होऊन महिन्यातून एखादे वेळी पडदा काळा राहतो. आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग उरलेले या क्रमाने सुरू केले की सुटते. व्हीआरआर सुरू असताना खेळाच्या मध्येच अर्धा सेकंद आवाज तुटणे हा दुसरा दोष पहिले पाच महिने होता. तो एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर बराच कमी झाला, पूर्ण गेला असे म्हणवत नाही.

जुन्या बाजारात रिसीव्हर शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. २.१ चे रिसीव्हर २०२० मध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा एकाहून अधिक कंपन्यांच्या मॉडेलांत एकाच सदोष चिपमुळे एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलचे ४के १२० हर्ट्झचे चित्र पुढे जात नसे. दोष चिपचाच असल्याने अपडेटने तो सुटला नाही, आणि पुढे कुणी बाहेरून लावायचा छोटा डबा दिला तर कुणी आतला बोर्ड बदलून दिला. त्या वर्षाचा रिसीव्हर स्वस्तात मिळत असेल, तर ही दुरुस्ती झाल्याचा कागद मागावा आणि शक्य तर १२० हर्ट्झवर लावून पाहूनच पैसे द्यावेत. प्लेस्टेशनवर चालले म्हणून एक्सबॉक्सवर चालेल असे धरू नये, कारण एक्सबॉक्स ४० गिगाबिटांपर्यंत जातो.

दरम्यान २०२५ मध्ये एचडीएमआय २.२ आले. वेग दुप्पट होऊन ९६ गिगाबिटांवर गेला, त्यासाठी ‘अल्ट्रा ९६’ नावाची नवी केबल आली, आणि रिसीव्हर मधल्या वाटेत असताना चित्र व आवाज यांचा मेळ राखण्यासाठी एक नवी सोयही त्यात घातलेली आहे. ती सोय मला हवीशी वाटते, वेगाचे मला आज काही काम नाही. माझा रिसीव्हर यातले काहीच शिकणार नाही. इलेक्ट्रिशियनला मात्र मी पाइपातली नायलॉनची दोरी काढू दिलेली नाही. दोन्ही टोकांना गाठ मारून ती आतच आहे.