जुन्या टपाल नोंदींतून हरवलेल्या गावांचा माग

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संकेतस्थळावर विनामूल्य खुले केलेले १८३७ ते १९५० या काळातील टपाल कार्यालयांच्या जागांचे अहवाल मी अलीकडे सातत्याने वापरत आहे आणि नकाशावरून पुसल्या गेलेल्या वस्त्या शोधण्यासाठी याहून उपयुक्त साधन माझ्या पाहण्यात नाही. कार्यालय नव्याने उघडताना किंवा हलवताना पोस्टमास्तराला छापील फॉर्म भरावा लागे: जवळची नदी कोणती, ओढा किती अंतरावर व कोणत्या बाजूला, रेल्वेमार्ग किती दूर, शेजारची टपाल कार्यालये कोणती. शिवाय नकाशाही काढून द्यायचा असे. कोणी शाईने ओढ्याचे प्रत्येक वळण दाखवले आहे, तर कोणी दोन रेघांत काम उरकले आहे.

पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या १८३२ ते १९७१ या काळातील नोंदवह्या सोबत ठेवल्यास कार्यालय कधी बंद झाले आणि टपाल पुढे कोठे वळवले गेले, हेही कळते. १९०१ मध्ये त्या देशात ७६,९४५ टपाल कार्यालये होती. १८९६ पासून ग्रामीण भागात घरपोच टपाल मिळू लागल्यावर पुढे त्यांतील हजारो बंद पडली.

मात्र हे अहवाल राज्य आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यांनुसार लावलेले असल्याने काउंटी ठाऊक नसेल, तर पाने उलटत बसावे लागते. कार्यालय बहुधा पोस्टमास्तराच्या दुकानात किंवा घरात असे, त्यामुळे माणूस बदलला की जागाही बदले. एका वस्तीचे तीन अहवाल तीन ठिकाणे दाखवत होते, तेव्हा मी आधी स्वतःच्या वाचनावरच संशय घेतला. हस्ताक्षर मात्र तिन्ही वेळा वेगळे होते.