क्यूजीआयएसमधल्या रंगपट्ट्या: रंग भरपूर, पण वर्ग पाडायला डोकं लागतं

अहवालांसाठी नकाशे करून देणं हे माझं रोजचं काम. नकाशा बघणारा आकड्यांवर क्वचित बोलतो, "जरा रंगीत करा ना" मात्र हमखास म्हणतो. म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मी आधी रंगांची सोय बघते. त्या एका निकषावर क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरला माझ्याकडून पैकीच्या पैकी नसले तरी भरघोस मार्क.

तयार पट्ट्यांचा साठा उत्तम आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या सिंथिया ब्रूअर यांच्या कलरब्रूअरचे, म्हणजे नकाशांसाठी निवडलेल्या रंगांचे, संच त्यात आहेत, व्हिरिडिस ही पट्टीही आहे. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या पायथन लायब्ररीने २०१७ मध्ये जुन्या इंद्रधनुषी 'जेट' पट्टीच्या जागी डीफॉल्ट पट्टी म्हणून बसवली ती हीच. इंद्रधनुष्याला माझा कायमचा नकार. मधला पिवळा पट्टा इतका उजळतो की आकड्यांत नसलेली कड नकाशावर उभी राहते. शिवाय हिरवा मोठा की निळा, हे सूचीत डोकावल्याशिवाय कुणाला सांगता येतं? फिकट ते गडद पट्टीत हा प्रश्नच येत नाही.

खरी परीक्षा रंग निवडून झाल्यावर. 'ग्रॅज्युएटेड', म्हणजे आकड्यांप्रमाणे रंग, निवडलं की आकड्यांचे वर्ग कसे पाडायचे ते विचारतात: इक्वल काउंट (प्रत्येक वर्गात सारखेच भाग), इक्वल इंटरव्हल (प्रत्येक वर्गाची रुंदी सारखी), जेंक्सचे नॅचरल ब्रेक्स (जवळचे आकडे एका वर्गात), प्रिटी ब्रेक्स (गोल आकड्यांच्या सीमा) वगैरे. आकडे तेच, पट्टी तीच, पण इथला पर्याय बदला आणि नकाशा वेगळंच बोलायला लागतो. बहुतेक तालुक्यांची लोकसंख्येची घनता कमी आणि दोन-चारांची प्रचंड असेल, तर इक्वल इंटरव्हलमध्ये जवळपास सगळा नकाशा एकाच फिकट रंगात जातो. इक्वल काउंटमध्ये तोच छान रंगीबेरंगी दिसतो, पण जेमतेम फरकाचे शेजारी दोन वेगळ्या वर्गांत पडतात. साहेब लोकांना दुसरा आवडतो. मी बहुतेक वेळा जेंक्सवर सुरुवात करते आणि मग सीमांवर डबल-क्लिक करून त्या हाताने गोल आकड्यांवर आणते. 'लिंक क्लास बाउंडरीज' चालू ठेवा, म्हणजे एक सीमा हलवली की शेजारची आपोआप जुळते. मात्र त्यानंतर वर्गांची संख्या बदललीत, तर हाताने केलेलं सगळं पुसलं जातं.

दोन वर्षांची तुलना असेल तर दोन्ही थरांचे (लेयरचे) वेगवेगळे जेंक्स काढू नका. मग एकच गडद रंग एका नकाशावर ४० आणि दुसऱ्यावर ५५ सांगतो, आणि शेजारी ठेवून बघणाऱ्याला ते कळतही नाही. एका थराची स्टाइल कॉपी करून दुसऱ्यावर पेस्ट केली की सीमांसकट येते. दोन्हीकडे कॉलमचं नाव एकच हवं, एवढीच अट.

आता दुतोंडी पट्ट्या, म्हणजे निळा-पांढरा-लाल. समजा तापमानातला फरक उणे २ ते अधिक ६ आहे. पट्टी तशीच लावली तर पांढरा रंग शून्यावर न येता अधिक २ वर येतो, आणि किंचित तापलेला भाग चक्क निळा दिसतो. ग्रेडियंटच्या खिडकीत पांढरा टप्पा २५ टक्क्यांवर सरकवता येतो. पण मग उणे २ चा निळा अधिक ६ च्या लालाइतकाच गडद होतो, म्हणजे एक चूक काढून दुसरी घातली. रास्टर, म्हणजे चौकोनी ठिपक्यांत साठवलेली माहिती, असेल तर किमान-कमालच्या चौकटीत सरळ उणे ६ आणि अधिक ६ लिहा. निळ्याची गडद बाजू वापरात येत नाही, आणि ती येऊही नये. रास्टरच्याच बाबतीत, किमान-कमाल कुठल्या भागावरून काढायचं ते ठरवणाऱ्या 'स्टॅटिस्टिक्स एक्स्टेंट'कडे लक्ष असू द्या. 'अपडेटेड कॅनव्हास' (पडद्यावर दिसणारा भाग) असेल तर झूम केल्याबरोबर रंग बदलतात.

मला सगळ्यांत आवडणारी सोय 'व्ह्यू' मेनूतल्या 'प्रिव्ह्यू मोड'मध्ये दडलेली आहे. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांना नकाशा कसा दिसेल, ते तिथे एका क्लिकवर कळतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, तेव्हा हौस म्हणून सोडून देण्यासारखं नाही. तिथेच करडा पर्यायही आहे. अहवाल शेवटी काळा-पांढराच छापला जाणार असेल, तर आधी तो बघा.

खटकणारी गोष्ट एक. ग्रॅज्युएटेडमध्ये ज्यांची माहितीच नाही ते भाग काढलेच जात नाहीत, नकाशाला तिथे भोक पडतं. तोच थर डुप्लिकेट करून फिकट करड्या रंगात खाली ठेवायचा आणि त्याला 'माहिती उपलब्ध नाही' असं नाव द्यायचं, म्हणजे सूचीतही तसंच येतं. जुगाड आहे, पण चालतं.