वर्धापनदिन विशेषांक: पाचपैकी तीन स्टार, तेही कंपोझिटरमुळे

छोट्या गावातलं साप्ताहिक, नाव नाही घेत, त्यांनी 'आमचा इतिहास' म्हणून जाडजूड विशेषांक काढलाय. दोन रात्रींत वाचला, म्हणजे वाचण्यासारखं होतं तेवढं, बाकी अर्धा अंक हात जोडलेल्या फोटोंच्या शुभेच्छा जाहिराती. जाहिरातींवरच साप्ताहिक चालतं हे मान्य आहे, पण दोन पानं लेख वाचला की चार पानं अभिनंदन, लिंक तुटते हो.

बेस्ट काय तर जुन्या कंपोझिटरची, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याची, मुलाखत. एकेक खिळा, म्हणजे धातूचं सुटं अक्षर, उचलून ओळ जुळवायची, मराठीत जोडाक्षरं आणि अर्धी अक्षरं वेगळी त्यामुळे खानेच खाने, त्यात ओळ उलटी वाचायची सवय लागलेली, आणि छापून झालं की तेच खिळे परत आपापल्या खान्यात टाकायचे कारण पुढच्या अंकाला तेच लागणार. एखादं अक्षर कमी पडलं की संपादक शब्दच बदलायचे म्हणे! नंतर डीटीपी (कॉम्प्युटरवर जुळणी) आणि ऑफसेट छपाई आली आणि आठवडाभराचं काम दीड दिवसावर आलं. हा लेख दहा पानांचा असता तरी चालला असता, दिलाय दोनच पानं.

आता तक्रार. इतिहास म्हणून जे छापलंय ती नुसती भाषणं आहेत. पेपरचा खरा इतिहास शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात असतो ना, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापलं, १८६७ च्या कायद्यापासून ही ओळ छापावीच लागायची. जुने अंक काढून नुसत्या त्या ओळी लावल्या असत्या तरी छापखाना कधी बदलला ते दिसलं असतं. तसंच फॉर्म ४, दरवर्षी फेब्रुवारी संपला की पहिल्या अंकात मालकीचं निवेदन यायचं, आम्ही ते कधी वाचलं नाही ही गोष्ट वेगळी. मालकी मधे एकदा बदलली होती हे गावात सगळ्यांना माहीत आहे, अंकात मात्र एक ओळ नाही. आणीबाणीत सेन्सॉरशिप होती तेव्हा यांनी काय छापलं आणि काय गाळलं, त्यावरही गप्प.

मुकुंदराव पाटलांच्या 'दीनमित्र'चा उल्लेख आहे ते बरं केलं. १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून साप्ताहिक काढायचं आणि १९६७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालवायचं, विचार करा. पण तिथेही फक्त गौरव, त्यांचा पेपर सत्यशोधक चळवळीचा होता आणि सावकार-भटशाहीवर तुटून पडायचा हे लिहायला यांची लेखणी अडखळली बहुतेक.

कागद चांगला, फोटो धूसर, प्रूफ वाचलेलंच नाही, कंपोझिटरच्या मुलाखतीतसुद्धा चार चुका आहेत. संग्रही ठेवणार आहे, जाहिरातींची पानं फाडून.