सीव्ही बूट किट: रबर, पट्ट्या आणि ग्रीसची पारख

ॲक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा शाफ्ट, आणि त्याच्या टोकांचे सीव्ही जॉइंट म्हणजे चाक वळलं तरी फिरणं चालू ठेवणारे सांधे. या सांध्यांवर ग्रीस धरून ठेवणारं घडीदार आवरण म्हणजे बूट. त्यातून ग्रीस बाहेर यायला लागलं की तीन प्रकारची बूट किट समोर येतात. पहिलं एकसंध, ठरावीक गाडीसाठी साच्यात बनवलेलं. दुसरं युनिव्हर्सल, म्हणजे ताणून जॉइंटवरून ओढून बसवायचं. तिसरं उभं चिरलेलं, शाफ्टभोवती गुंडाळून चिकटवायचं. आमची पसंती याच क्रमाने आहे आणि पहिल्या-दुसऱ्यातल्या अंतरापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर बरंच मोठं आहे. पण किट कितीही चांगलं असलं तरी गळती दुसरीकडून असेल किंवा जॉइंट आतून खलास झाला असेल तर पैसे आणि अर्धा दिवस दोन्ही वाया जातात. म्हणून आधी तपासणी.

बाहेरचा बूट, म्हणजे चाकाकडचा, फाटला की ग्रीस फिरत्या शाफ्टवरून भिरकावलं जातं. रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेक कॅलिपरवर, शॉक ॲब्सॉर्बरच्या खालच्या भागावर आणि मडगार्डच्या आत काळपट चिकट फटकारे एकाच रेषेत दिसतात. ही रेष महत्त्वाची खूण आहे. ठिबकणारं तेल अशी रेष काढत नाही. आतला बूट गिअरबॉक्सशेजारी असतो, त्यामुळे त्याचं ग्रीस सबफ्रेमवर आणि गिअरबॉक्सच्या खोक्यावर उडतं. जवळून सायलेन्सरचा पाइप जात असेल तर जळकट वासही येतो.

गिअरबॉक्समध्ये शाफ्ट शिरतो तिथलं ऑइल सील गळत असेल तर चित्र वेगळं दिसतं. द्रव पातळ असतो, खाली ओघळतो, गाडी उभी असतानाही थेंब पडतो आणि मॅन्युअल गिअरबॉक्सच्या तेलाला बहुधा गंधकासारखा उग्र वास येतो. त्यावर बूट किटचा काहीही उपयोग नाही. शॉक ॲब्सॉर्बरचं तेल त्याच्या अंगावरच धूळ धरून बसतं. टायरच्या आतल्या बाजूला पातळ, निसरडा द्रव असेल आणि ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली असेल तर ती ब्रेकची गळती. ती बंद होईपर्यंत गाडी हलवायची नाही.

बूटच आहे हे पक्कं झालं की चिंधीने तो पुसून घ्यावा आणि स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून घड्या बोटांनी उघडून पाहाव्यात. चीर बहुतेकदा घडीच्या खोलगट भागात असते आणि चाक सरळ असताना मिटून जाते, त्यामुळे वरवर पाहिलं तर बूट धडधाकट वाटतो. चाकाकडच्या पहिल्या-दुसऱ्या घडीवर ताण जास्त, तिथे आधी पाहावं. रबर कुठेही फाटलेलं नसेल आणि ग्रीस फक्त पट्टीच्या कडेने येत असेल तर दोष क्लॅम्पचा, म्हणजे बूट आवळणाऱ्या पट्टीचा. ग्रीस स्वच्छ असेल, खडे-माती शिरली नसेल तर नवीन क्लॅम्प बसवून काम भागतं, पूर्ण किट घ्यायची गरज नाही. बुटाच्या शाफ्टकडच्या लहान तोंडापाशी तेलकट पातळ थर एवढंच दिसत असेल तर ते ग्रीसमधून सुटलेलं तेल असू शकतं. पुसून थोड्या दिवसांनी पुन्हा पाहावं, घाई करू नये.

आता जॉइंटची परीक्षा. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू वेगाने गोल फिरवावी, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. ॲक्सिलरेटर दिल्यावर चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी कटकट आली तर बाहेरच्या जॉइंटमधल्या छर्‍यांचे मार्ग खड्डे पडून झिजले आहेत. नवीन ग्रीस आवाज काही दिवस दबवेल, खड्डे बुजवणार नाही. वेग घेताना सरळ रस्त्यावर गाडी आडवी थरथरते आणि पाय सोडताच थांबते, तर संशय आतल्या ट्रायपॉड, म्हणजे तीन रोलरच्या जॉइंटवर. पुढचा गिअर सोडून रिव्हर्स टाकताना टक् आवाज येणं ही आतल्या जॉइंटच्या सैलपणाची खूण असू शकते, पण इंजिन माउंटिंग सैल असलं तरी तसाच आवाज येतो, तेही तपासावं. आवाज आला तर बूट किट घेऊ नका, जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट घ्या.

आवाज नसेल तर ग्रीस चिमटीत घेऊन चोळावं. काळा रंग पाहून घाबरायचं कारण नाही, मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं ग्रीस मुळातच काळं-करडं असतं. बोटाला कचकच लागली, रंग तांबूस झाला किंवा पाणी मिसळून दुधाळ झालेलं दिसलं तर आत गंज आणि माती गेली आहे. तेव्हा जॉइंट उघडून, धुऊन, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किटवर भरवसा ठेवू नये.

किट उघडल्यावर बहुतेक जण रबर दाबून पाहतात. आमच्या मते खरी परीक्षा पट्ट्यांची आणि ग्रीसच्या पाकिटाची आहे. रबराबद्दल एवढं पुरे: निओप्रीनचा बूट मऊ असतो, घट्ट बसतो, पण वर्षांनी आणि हवेतल्या ओझोनने त्याला बारीक भेगा पडतात. थर्मोप्लास्टिकचा बूट कडक, चकचकीत असतो, खडीचे फटके आणि वय दोन्ही चांगले सोसतो. मात्र तो कडक असल्यामुळे त्याला जोरात आवळणारी पट्टी लागते. थर्मोप्लास्टिकच्या बुटाबरोबर पातळ पत्र्याची साधी पट्टी दिलेली असेल तर ते किट परत ठेवावं. रबर चांगलं असूनही तोंडाशी ग्रीस झिरपेल. आतल्या बाजूला सायलेन्सर जवळ असेल तर उष्णता सोसणारा बूट आहे का ते पाहावं.

क्लॅम्पचे मुख्य प्रकार दोन. कान असलेला स्टेनलेसचा क्लॅम्प, ज्याचा कान खास पक्कडीने दाबून मिटवतात, आणि सपाट पट्टीचा, जो ओढून अडकवतात. दोन्ही चांगले, पण ठरलेल्या व्यासासाठीच. कानाचा क्लॅम्प साध्या पक्कडीने चिमटला तर एका बाजूला दबतो, दुसरीकडे फट राहते. दाबून झाल्यावर हाताने फिरवून पाहावा. फिरला तर सैल आहे. प्लास्टिकचा केबल टाय इथे चालत नाही, तो उष्णतेने सैलावतो आणि पुरेसा दाब देतच नाही. पाण्याच्या पाइपचा स्क्रूवाला क्लॅम्पही नको: त्याच्या स्क्रूचं डोकं बाहेर येतं, फिरताना आजूबाजूला घासू शकतं आणि त्याच जागी दाब असमान पडतो. कित्येक स्वस्त किटांत लहान तोंडाची पट्टी मोठ्या मापाची असते आणि गळती पुन्हा सुरू होते ती नेमकी तिथूनच.

ग्रीसच्या पाकिटावर वजन आणि प्रकार छापलेला असलाच पाहिजे. लहान-मध्यम गाडीच्या बाहेरच्या जॉइंटला साधारण ८० ते १२० ग्रॅम लागतं, आतल्याला बहुधा त्याहून जास्त. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरावा. छर्‍यांच्या जॉइंटमध्ये धातू धातूवर प्रचंड दाबाने घसरतो, म्हणून तिथे मॉलिब्डेनमवालं ग्रीस लागतं. ट्रायपॉडमध्ये सुयांच्या बेअरिंगवर फिरणारे तीन रोलर असतात, त्यांना बरेच उत्पादक मऊ आणि वेगळ्या जातीचं ग्रीस देतात. म्हणून आतल्या-बाहेरच्या पाकिटांची अदलाबदल करू नये आणि चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस डब्यात उरलंय म्हणून भरू तर मुळीच नये. उगाच जास्त भरणंही वाईट. जागा उरली नाही की दाब वाढतो, बूट फुगतो आणि लहान तोंडातून ग्रीस बाहेर ढकललं जातं.

आतल्या बुटात आणखी एक सापळा आहे. काही ट्रायपॉड जॉइंटचा डबा बाहेरून गोल नसतो, त्याला तीन फुगवटे आणि मध्ये तीन खोबणी असतात. अशा जॉइंटच्या किटात त्या खोबणींत बसणारं रबरी अस्तर असतं किंवा बुटाचं मोठं तोंडच आतून तसं घडवलेलं असतं. साधा गोल बूट तिथे चढवला तर क्लॅम्प कितीही आवळा, तीन जागी फट राहणारच. मागवण्याआधी जुन्या बुटाचं मोठं तोंड आतून पाहून घ्यावं, मोठ्या-लहान तोंडाचा व्यास आणि बुटाची लांबी मोजावी. फक्त मॉडेलच्या नावावर विसंबू नये; एकाच मॉडेलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सप्रमाणे शाफ्ट बदलतो.

एकसंध किट बसवायचं म्हणजे शाफ्ट काढणं आलं. हब नट, म्हणजे चाकाच्या मधोमध शाफ्टच्या टोकावरचा नट, गाडी जमिनीवर, ब्रेक दाबलेला असतानाच सैल करावा, मगच गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. लोअर बॉल जॉइंट सोडवला की नकल, म्हणजे हब धरणारा भाग, बाहेर सरकतो आणि शाफ्टचं टोक हबमधून निघतं. ते हातोड्याने थेट ठोकलं तर आट्यांचं तोंड पसरतं. नट टोकापर्यंत लावून लाकडाने किंवा पितळी ठोकळ्याने हलकं ठोकावं. आतलं टोक पहारीने जॉइंटच्या डब्याला टेकू देऊन काढावं. शाफ्ट धरून ओढला तर ट्रायपॉड आतून निसटतो. गिअरबॉक्सचं तेल बाहेर येईल, खाली भांडं ठेवावं आणि शेवटी पातळी भरून घ्यावी.

जुना बूट कापून काढला की जॉइंट शाफ्टवरून उतरवायचा. बहुतेक बाहेरचे जॉइंट आतल्या सर्क्लिपने, म्हणजे स्प्रिंगसारख्या तुटक कडीने, अडकलेले असतात, जॉइंटच्या आतल्या कड्यावर पितळी रॉड टेकवून एकच नेमका ठोका द्यावा. काही ठिकाणी सर्क्लिप पक्कडीने पसरवावी लागते, म्हणून आधी पाहून मग हातोडा उचलावा. एबीएसचं (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) दातेरी कडं शाफ्टवर असेल तर त्याला धक्का लागू देऊ नये. सगळं रॉकेलने किंवा पार्ट धुण्याच्या द्रवाने धुऊन पूर्ण कोरडं करावं. जॉइंट वाकडा करून एकेक छर्रा आणि त्याचा मार्ग उजेडात पाहावा. नख अडकेल असा खड्डा, निळसर जळका डाग किंवा केजला, म्हणजे छर्रे धरणाऱ्या कड्याला, तडा दिसला तर जॉइंट बाद.

मग क्रम असा: लहान क्लॅम्प आधी शाफ्टवर चढवावा, स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दात्यांवर, टेप गुंडाळावी म्हणजे नवीन बूट आतून ओरखडत नाही, मग बूट, मग नवीन सर्क्लिप. जुनी सर्क्लिप वापरू नये, किटात ती नसेल तर ते किट अपुरं आहे. निम्मं ग्रीस जॉइंटमध्ये छर्‍यांच्या मागून दाबून भरावं, उरलेलं बुटात. बुटाची तोंडं आपल्या खाचेत बसली की मोठा क्लॅम्प आवळावा. लहान तोंड बोथट स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचलून आत कोंडलेली हवा जाऊ द्यावी आणि त्यानंतरच दुसरा क्लॅम्प. आतल्या जॉइंटला मॅन्युअलमध्ये दिलेल्या लांबीवर ठेवून हे करावं, नाहीतर बूट पिचकून घडी घडीवर घासतो. खाचेत, पट्टीखाली ग्रीसचा लवलेश नको.

हब नट शक्यतो नवीन लावावा आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळावा. पुष्कळ गाड्यांत हा आकडा १८० ते ३०० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. अंदाजाने सैल राहिला तर चाकाचं बेअरिंग लवकर जातं.

युनिव्हर्सल ताणाचं किट अशा गाडीसाठी ठीक, जिचा जॉइंट शाफ्टवरून निघतच नाही किंवा जिचं नेमकं किट मिळत नाही. शंकूवरून तो बूट ओढून जॉइंट ओलांडतात. ताणता यावा म्हणून रबर पातळ आणि मऊ असतं, त्यामुळे खडीच्या रस्त्यावर तो एकसंध बुटाइतका टिकण्याची अपेक्षा ठेवू नये. दोन्ही तोंडं मापाच्या पायरीवर कापावी लागतात. एक पायरी चुकली तर बूट वाया. बूट शंकूवरून सहज सरकावा म्हणून लावायचं वंगण आणि जागा पुसायला द्रव दिलेला असेल तर ते किट विचार करून बनवलेलं आहे.

चिरलेल्या बुटाचं आकर्षण एवढंच की शाफ्ट काढावा लागत नाही. पण त्यामुळे जॉइंट धुता येत नाही, पाहता येत नाही आणि जुन्या मातीवरच नवीन ग्रीस पडतं. सांध्यावर गोंद लावताना ग्रीसचा एक ठिपका जरी लागला तरी तिथून तो उघडतो, आणि ज्या जागी सगळं ग्रीसने माखलेलं आहे तिथे हे साधणं फार अवघड. लांबच्या प्रवासात अडकलेली गाडी घरी आणायला याचा उपयोग आहे, कायमच्या दुरुस्तीला नाही.

पूर्ण शाफ्ट बदलणं कामाला सगळ्यात सोपं, म्हणून तोच सल्ला आधी मिळतो. जॉइंट आवाज करत असेल तर तो बरोबरही आहे. पण आवाज नसलेला मूळ जॉइंट पुष्कळदा नव्या स्वस्त शाफ्टच्या जॉइंटपेक्षा नेमका बनलेला असतो. तो टाकून देण्याआधी बुटाचा विचार जरूर करावा. नवा शाफ्ट घेतलाच तर लांबी, दोन्ही टोकांच्या स्प्लाइनची संख्या आणि एबीएसच्या कड्याचे दात जुन्याशेजारी ठेवून मोजावेत.

काम झाल्यावर उडालेलं जुनं ग्रीस सगळीकडून पुसून काढा, ब्रेक डिस्क आणि पॅडवर असेल तर ब्रेक क्लीनरने. ग्रीस मुरलेले पॅड बदलावेच लागतात. सुमारे ५०० किलोमीटरनंतर चाक पूर्ण वळवून दोन्ही तोंडांपाशी कोरडं बोट फिरवून पाहा. बोट काळं झालं तर आधी लहान क्लॅम्प तपासा.