पिया डाउवेस ऐकायची तर कुठली सीडी घ्यावी?

ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीवरच्या 'एलिझाबेथ' या जर्मन संगीतिकेचा पहिला प्रयोग 1992 मध्ये व्हिएन्नाच्या 'थिएटर आन डेर विन'मध्ये झाला. मुख्य भूमिका अ‍ॅमस्टरडॅमच्या गायिका-अभिनेत्री पिया डाउवेसची. त्या संचाची सीडी आजही घ्यावी अशीच आहे, पण आधी दोन गोष्टी बघून घ्या.

एक तर ही निवडक गाण्यांची एकच सीडी आहे; सलग कथानक त्यात मिळत नाही. दुसरं, 'मृत्यू' या पात्राबरोबरचं 'वेन इश टान्झेन विल' (मला नाचायचं असेल तेव्हा) हे गाजलेलं द्वंद्वगीत इथे शोधत बसू नका. ते 2001 च्या जर्मनीतल्या एसेन शहरातल्या प्रयोगासाठी लिहिलं गेलं. ते पियाच्याच आवाजात हवं तर एसेनची सीडी घ्या. 1999 ची नेदरलँड्समधल्या स्खेवेनिंगनची सीडी डच भाषेत आहे, तीही पियाचीच. मागवताना साल आणि शहर तपासा, मुखपृष्ठं फसवतात.

व्हिएन्नाच्या सीडीचं खरं मोल 'इश गेह्योर नूर मिर' (मी फक्त माझीच) या गाण्यामध्ये. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी, दबकी. मग कडव्यागणिक आवाज मोकळा होत जातो. पहिल्या ओळीपासूनच जोर लावणाऱ्या गायिकांकडे शेवटासाठी काही उरत नाही, पिया मात्र राखून गाते. वाद्यमेळातले सिंथेसायझर तेवढे जुनाट वाटतात.