रुबी रेड: अर्ध्यापर्यंत वाचून काय वाटलं
केर्स्टिन गीअरचं 'रुबी रेड' वाचायला घेतलंय, अर्धं झालंय आणि खरंच हातातून सुटत नाहीये. मूळ जर्मन पुस्तक 2009 चं, पण गोष्ट सगळी लंडनमधली. ग्वेंडोलिनच्या घराण्यात टाइम ट्रॅव्हलचं जीन असतं, सगळ्यांना खात्री की ते तिच्या मावसबहिणीला, शार्लटला मिळालंय, ती बिचारी लहानपणापासून तलवारबाजी, जुने डान्स, रीतिभाती सगळं शिकत बसलीय आणि ऐन वेळी भूतकाळात जाऊन पडते ती ग्वेन, तेही घरातल्या म्हाताऱ्या मॅडीसाठी, म्हणजे आजोबांच्या बहिणीसाठी, लिंबाच्या गोळ्या आणायला निघालेली असताना! तो सीन जाम भारी जमलाय. तयारी शून्य, घाबरते, पण पोरगी खमकी आहे. मैत्रीण लेस्ली तर माझी फेव्हरेट, गुगल करकरून माहिती काढते, अशी मैत्रीण प्रत्येकीला हवी.

ग्वेनसोबत टाइम ट्रॅव्हल करणारा गिडियन मात्र अजून पटलेला नाही. दिसायला देखणा, पण ग्वेनला सारखा कमी लेखतो, त्यामुळे तिचा जीव त्याच्यावर का जडावा तेच कळेना. शिवाय रोमान्स यायला बराच वेळ लागतो, क्रोनोग्राफ (टाइम ट्रॅव्हलचं यंत्र), काळात फिरणारे बारा प्रवासी, प्रत्येकाशी जोडलेलं रत्न हेच आधी समजून घ्यावं लागतं. तीन भागांची सिरीज आहे, त्यामुळे एकाच पुस्तकात सगळं उलगडेल असं धरून घेऊ नका. मी दुसरा भाग आत्ताच मागवून ठेवलाय.